निळ्या रंगाची चौकशी

विश्रांतवाडीत मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहत होते, ते काका कुठलीही वस्तू सरळ मान ठेवून बघत नसत. मान डाव्या खांद्याकडे कलवायची, एक डोळा बारीक करायचा आणि वस्तूकडे नाही, तर तिच्यावर पडलेल्या उजेडाकडे बघायचं. मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडेही असंच पाहिलं. मला वाटलं, बिचाऱ्यांची मान लचकली असावी. सामान आलं त्या दिवशी माझ्या लोखंडी कपाटापुढे ते बराच वेळ तसेच तिरपे उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या कपाटाला संत्र्याची साल आलीय."

मी घाईघाईनं कपाट उघडून आत बघितलं.

"आत नाही हो, वर. रंगावर. हात फिरवा. गुळगुळीत लागतं का? नाही. खडबडीत, संत्र्याच्या सालीसारखं. आमच्याकडे असं कपाट परत गेलं असतं."

"तुमच्याकडे म्हणजे?"

"आमच्याकडे म्हणजे आमच्याकडे," काका म्हणाले आणि निघून गेले.

मग काकूंनी सांगितलं. काका ट्रक बनवणाऱ्या एका कारखान्यात रंगखात्यात होते. रंगून, भट्टीतून सुकून आलेली गाडी पास करायची की परत पाठवायची, हे नोकरीभर त्यांनी ठरवलं. त्या खात्याचे सोवळ्याओवळ्याचे नियम होते. हातात अंगठी नको, घड्याळ नको, पट्ट्याला बक्कल नको, कारण ओरखडा उठतो. डोक्याला तेल नको, अंगाला पावडर नको, अत्तर तर नकोच. तेलाचा नुसता अंश हवेत असला तरी ओल्या रंगावर बारीक बारीक खड्डे पडतात म्हणे. निवृत्त झाल्यावर माणसं हे सगळं सोडतात. काकांनी ते घरात चालू ठेवलं. त्या घरात सुवासिक तेलाची बाटली कधी आली नाही, आणि लग्नात सासऱ्यांनी त्यांच्या बोटात घातलेली अंगठी पहिल्या पाळीला जाताना काढून कपाटात ठेवली होती, ती तिथंच होती.

काकू वरूडकडच्या. संत्र्यांच्या बागेत वाढलेल्या. पुण्यात इतकी वर्षं काढून त्यांची भाषा आमच्यासारखी झाली होती, पण राग आला किंवा फार बरं वाटलं की माहेरची बोली वर यायची. "संत्र्याची साल आली म्हणून गाडी नापास, संत्र्याची साल आली म्हणून गाडी नापास," त्या मला म्हणाल्या. "माझ्या माहेराचं नाव घेऊन जलमभर गाड्या परत पाठवल्या जी यांनी."

निवृत्तीनंतर लोक काशीला जातात. काकांनी ट्रक घेतला. फार मोठा नव्हता, गल्लीतली माणसं त्याला टेंपो म्हणत. काका दर वेळी थांबून सांगत, "टेंपो नाही, ट्रक. टेंपो तुमच्या दारासमोर उभा असतो तो. त्याला रंग म्हणत नाहीत, गंज म्हणतात." ट्रकचा रंग निळा होता, नव्या दौतीतल्या शाईसारखा. बेत असा होता की काकूंच्या भावाच्या बागेतली संत्री मधल्या कुणाच्या हाती न देता थेट पुण्याला मार्केट यार्डात आणायची. पहिली फेरी काकूंना सोबत घेऊन करायची. काकूंचे वडील नव्वदीच्या आसपास होते, खाटेवर होते, दिसत जवळजवळ नव्हतं. फोनवर ते दर वेळी म्हणत, जावयाच्या गाडीत बसून एकदा ये. सगळं ठरलं होतं. एकच गोष्ट राहिली होती. गाडी रस्त्यावर काढण्याआधी तिच्या रंगाच्या संरक्षणावर किती खर्च करायचा, ते ठरत नव्हतं.

मी राहायला गेले तेव्हा ट्रक अंगणात येऊन पावसाळा उलटत आला होता. त्यावर ताडपत्री होती. ताडपत्री वाऱ्यानं रंगावर घासू नये म्हणून तिला आतून काकूंच्या जुन्या सुती साड्यांचं अस्तर शिवलं होतं. वारा सुटला की ताडपत्रीचा कोपरा उडायचा आणि ट्रकच्या पायाशी एखादा जरतारी काठ दिसायचा. सकाळच्या शाळेत शिकवून मी अर्धवट झोपेत परत यायचे तेव्हा मला रोज वाटायचं, कुणीतरी लुगडं नेसून अंगणात बसलंय आणि आपली वाट बघतंय. ताडपत्रीवर काकांच्या हातची पाटी होती. "हात लावू नये. राहवत नसल्यास लांबून नमस्कार करावा."

काका भेटेल त्याला विचारत, "नव्या ट्रकच्या रंगावर माणसानं किती खर्च करावा?" दूधवाल्याला विचारलं. गॅसच्या टाकीवाल्याला विचारलं. आमच्या मुख्याध्यापिका माझ्या खोलीवर आल्या होत्या, त्यांना जिन्यात गाठून विचारलं. प्रत्येकाचं उत्तर ते मान कलवून ऐकत आणि म्हणत, "बरोबर आहे. पण दुसरी बाजूही आहे." दुसरी बाजू अशी की कमी खर्च केला तर रंगाचा अपमान, आणि जास्त केला तर अंगापेक्षा अंगरखा महाग. मधला आकडा काढायला ते रोज दुपारी बसत, आणि संध्याकाळी कुणी विचारलंच, तर एक ठरलेलं वाक्य म्हणत.

"चौकशी चालू आहे."

त्या चौकशीला एकदा मीही गेले होते. कल्याणीनगरात एक काचेचं दुकान होतं, तिथं मोटारींना चकाकी आणून देत. काका म्हणाले, "चला बाई, तिथली मुलं मराठीत सुरुवात करतात आणि इंग्रजीत संपवतात. मधलं तुम्ही ऐका."

दुकानातला मुलगा मोठा नम्र होता. "सर, तीन ऑप्शन आहेत. टेफ्लॉन बेसिक आहे. सिरॅमिक कोटिंग घेतलं तर ग्लॉस एकदम मस्त. आणि बेस्ट म्हणजे फिल्म, सर. फुल बॉडीवर पारदर्शक फिल्म. सेल्फ हीलिंग आहे. ओरखडा आला ना, गाडी उन्हात ठेवायची, आपोआप जातो."

"कसा जातो?"

"उन्हानं, सर."

"मी पन्नास वर्षं उन्हात हिंडतोय," काका म्हणाले. "माझा एकही गेला नाही."

मुलगा हसला. मग त्यानं फिल्मची किंमत सांगितली. काकांनी खिशातून चष्मा काढून लावला, जणू ती चष्म्यातून ऐकायला सोपी जाणार होती. "एवढ्यात माझं लग्न झालं होतं," ते म्हणाले. "वरातीसकट."

"सर, कुठली कार आहे आपली?"

"ट्रक आहे."

मुलानं आधी माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे. "ट्रकला कुणी करत नाही, सर," तो हळूच म्हणाला. "ट्रक म्हणजे... लागणारच ना कुठंतरी."

परत येताना रिक्षात काका येरवड्याजवळ म्हणाले, "लागणारच म्हणे. मग आम्ही एवढी वर्षं कशाला माना वाकड्या केल्या?" लांब नदीवर ऊन पडलं होतं आणि काका त्या उजेडाकडे मान तिरपी करून बघत होते. नदी नापास झाली असावी, कारण त्यांनी लगेच नजर काढून घेतली.

पण ट्रक अगदीच बसून होता असं नाही. दुपारी तो प्रवासाला निघायचा.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी शाळेतून येऊन भात खाऊन पडले होते. खालून काकूंनी हाक मारली, "पोरी, येतेस का? जागा हाये." खाली गेले तर ताडपत्री फक्त पुढच्या बाजूनं दुमडलेली, काका गाडी चालवणाऱ्याच्या जागेवर, दोन्ही हात चाकावर, काकू खिडकीशी, मांडीवर डबा. मला पाय धुवायला, चपला बाहेर ठेवायला लावून मध्ये बसवलं. दार काकांनी इतकं हळू लावलं की आवाज झाला नाही. इंजिन बंदच होतं. मी वाट बघत राहिले.

"शिक्रापूर गेलं," थोड्या वेळानं काका म्हणाले.

समोर आमची कंपाउंडची भिंत होती आणि भिंतीवर बोगनवेल. काकू खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "या वर्षी बाजरी बरी दिसते."

मग शिरूर गेलं, घोडनदीचं पाणी गेलं, नगर आलं. नगरला काकूंनी डबा उघडून चिवडा दिला. आत कोवळी ऊब असायची, नव्या सीटचा वास यायचा, सीटवरचं प्लास्टिक सळसळायचं, आणि डोळे जड व्हायला लागले की मला खरंच खालून रस्ता सरकल्यासारखा वाटायचा. जालन्याच्या सुमाराला मी झोपलेली असायचे. मेहकर, कारंजा ही नावं मला अजूनही गावांची वाटत नाहीत, झोपेच्या पायऱ्यांची वाटतात. जाग यायची तेव्हा काकू हलकेच म्हणत असायच्या, "हे आलं मोर्शी. आता वास येईल पहा." आणि काका त्या क्षणी किल्ली, जी फिरवलीच नव्हती, ती काढून खिशात टाकायचे. वरूड कधी आलं नाही. गाव दिसायच्या आतच चहाची वेळ व्हायची.

अशाच एका दुपारी काकूंनी लग्नाची गोष्ट सांगितली. पुण्याचं वऱ्हाड परत निघालं ते ट्रकमधून. मागं पाहुणे आणि संत्र्यांची पोती, पुढं नवरा-नवरी. "मी खिडकीत बसली होती," काकू म्हणाल्या. "एवढ्या उंचावरून मी कधी काही पाह्यलंच नव्हतं. रडाचं होतं ना मले, रीतच हाये. पण रस्ताच असा लागला, मी रडाचं विसरूनच गेली. बाबा मागं उभे होते हात करत, आन मी म्हैस पाहून राहिली होती." त्या हसल्या. "तवापासून मनात होतं, एकदा तसंच बसून माघारी जावं. बाबांनी पाहावं."

काका समोर भिंतीकडे बघत होते. "नगरचा घाट आहे," ते म्हणाले. "गाडी चालवताना बोलू नये."

मला त्या दिवशी पहिल्यांदा शंका आली की रंग हे एक निमित्त आहे. काकांनी शेकडो ट्रक चालवले होते, पण भट्टीपासून फाटकापर्यंत. फाटकाशी दुसरा चालक चढायचा आणि काका उतरायचे. गाडी कुठं जाते, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. फाटकाबाहेर रंगाचं काय होतं, तेही नाही. त्यांना बाहेरची भीती वाटत होती, आणि त्या भीतीला त्यांनी चौकशी हे सभ्य नाव दिलं होतं. काकूंना हे माझ्या आधीपासून ठाऊक असणार, कारण त्यांनी कधी घाई केली नाही.

दसऱ्याला मात्र त्यांचा चेहरा उतरला. गाडीची पूजा करायची होती. कुंकवानं रंगावर डाग पडतो, म्हणून स्वस्तिक काढायला काकांनी बॉनेटवर वर्तमानपत्र अंथरून दिलं. झेंडूच्या माळेतला दोरा घासतो, म्हणून माळ ट्रकला न घालता ट्रकसमोरच्या खुर्चीला घातली. नारळ कंपाउंडच्या बाहेर, रस्त्यावर फोडायला लावला. काकूंनी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. मग वर्तमानपत्राची घडी करून आत घेऊन गेल्या आणि त्या दुपारी ट्रक प्रवासाला निघाला नाही.

दिवाळी झाली. हवा गार झाली. भावाचा फोन येत होता, संत्री पिवळी पडायला लागलीत, गाडी कधी येते? काकांनी अखेर ठरवलं. फिल्म नाही, टेफ्लॉन नाही, मधलं, सिरॅमिक. सोमवारी गाडी दुकानात टाकायची, नंतर आठवडाभर तिला पाणी, धूळ काही लागू द्यायचं नाही. ठरल्यावर त्यांना ताप उतरल्यासारखं बरं वाटत होतं. जिन्यात मला थांबवून म्हणाले, "चौकशी संपली, बाई."

रविवारी सकाळी पुन्हा फोन आला. या वेळी संत्र्यांबद्दल नव्हता. काकूंच्या वडिलांनी दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं. ते सारखं एकच विचारत होते, पोरगी निघाली का?

मी खाली आले तेव्हा काकू पिशवी भरून अंगणात उभ्या होत्या. काका म्हणत होते, "उद्या गाडी दुकानात जाते. आठवड्यात सुकते. सुकली की लगेच निघू. बोललोय ना मी."

"तुम्ही सुकवा," काकू म्हणाल्या. "मी यष्टीनं चालली."

आवाज चढला नव्हता. मला ते जास्त लागलं. काका ट्रकपाशी जाऊन ताडपत्रीचा कोपरा नीट करू लागले, जो नीटच होता. काकू आत गेल्या आणि लाल मखमलीची एक डबी घेऊन आल्या. डबी उघडून त्यांनी अंगठी काकांच्या तळहातावर ठेवली.

"बाबा दर फोनले इचारतात, जावई आंगठी घालतात ना? मी जलमभर हो म्हणून राहिली. आता माझ्यानं होणार नाही. तुम्हीच सांगा त्यांना काय सांगाचं ते."

काकांनी अंगठी चिमटीत धरली, उन्हाकडे केली, मान डावीकडे कलवली, एक डोळा बारीक केला. इतक्या वर्षांची सवय. "एकही ओरखडा नाही," ते म्हणाले.

"घातलीच नाही तं कुठून येईल?"

काका तसेच उभे राहिले, मान तिरपी, अंगठी उन्हात. मग त्यांची मान सावकाश सरळ झाली. त्या घरात राहायला आल्यापासून मी त्यांना सरळ मानेनं कुणाकडे बघताना पाहिलं नव्हतं. ते काकूंकडे बघत होते.

अंगठी बोटात जाईना. लग्नातलं बोट आणि हे बोट यांच्यात सगळा संसार होऊन गेला होता. काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि वाटीत गोडं तेल घेऊन आल्या. ज्या हाताला कधी तेलाचा थेंब लागू दिला नव्हता तो हात काकांनी निमूटपणे पुढं केला. काकूंनी बोटाला तेल चोळलं, फिरवत फिरवत अंगठी आत सरकवली. पेराशी अडली तेव्हा काका "आई गं" म्हणाले, काकू "झालं, झालं" म्हणाल्या, आणि मी उगाचच वाटी धरून उभी राहिले.

मग सगळं फार साधेपणानं झालं. ताडपत्री उतरली, साड्यांच्या काठांसकट जमिनीवर पडली. कुणी तिची घडी केली नाही. काकू खिडकीशी बसल्या. काकांनी तेलकट हातांनीच चाक धरलं आणि किल्ली फिरवली, या वेळी खरोखर. एवढ्या मोठ्या आवाजाची त्या अंगणाला सवय नव्हती. मी फाटक उघडलं. फाटक अरुंद, आणि एका बाजूला बोगनवेल पार बाहेर झुकलेली. काकांनी कधीपासून ती छाटायची ठरवली होती. ट्रक पुढं आला तशी तिची काटेरी फांदी पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत निळ्या रंगावरून करकरत गेली.

मी डोळे मिटून घेतले. आता गाडी थांबणार, काका उतरणार, काकू यष्टीनं जाणार. डोळे उघडले तेव्हा ट्रक कोपऱ्यावर पोचला होता आणि आळंदी रस्त्याला लागण्यासाठी त्याचा दिवा उघडझाप करत होता.

ते परत आले ते कितीतरी दिवसांनी. मागं संत्री होती, सगळ्या गल्लीला वास आला. काकूंनी अंगणात बसून सांगितलं. बाबांना खाट उचलून बाहेर ट्रकपाशी आणलं. दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी जावयाचा हात मागितला आणि बोटं चाचपत अंगठीपर्यंत गेले. मग ट्रकच्या पत्र्यावर तळवा ठेवला. दिवसभर चालून पत्रा तापलेला होता. "गरम हाये," म्हणाले, "लय दुरून आली पोरगी." त्यानंतर त्यांनी संत्र्याच्या फोडी खाल्ल्या. आणखी काही दिवस ते होते. काकू शेवटपर्यंत जवळ होत्या. हे सांगताना काकू रडल्या, आणि काका उठून चहा टाकायला गेले, जे त्यांनी त्या घरात कधी केलं नव्हतं.

पुढं माझी बदली झाली आणि मी विश्रांतवाडी सोडली.

परवा सकाळी स्वारगेटला साताऱ्याच्या गाडीसाठी चालले होते. सिग्नलला एक निळा ट्रक येऊन थांबला. निळा म्हणायचा, कारण मला तो आधीचा ठाऊक होता. चिखल, पोचे, मागच्या फळीवर पोत्यांनी घासून पडलेले पट्टे. खिडकीतून एक हात बाहेर दारावर टेकला होता आणि बोटातली अंगठी पत्र्यावर टक टक वाजत होती. सिग्नल लागला की वाजत असणार, रोज, प्रत्येक सिग्नलला. त्या जागी, दाराच्या मधोमध, रंग पार उडाला होता आणि आतला राखाडी पत्रा रुपयाएवढा चमकत होता.

"काका!" मी हाक मारली. "कोटिंगचं काय ठरलं?"

त्यांनी वळून बघितलं, सरळ मानेनं. ओळख पटायला क्षणभर लागला. पलीकडून काकू वाकल्या, हसल्या आणि एक संत्रं काकांच्या हाती दिलं. ते त्यांनी खिडकीतून माझ्या हातात टाकलं.

"चौकशी चालू आहे," काका म्हणाले, आणि सिग्नल सुटला.